तिसऱ्या सुराची वाट

मी एक जुना भोंगा आहे. कुवेतमधल्या अब्बासिया या वस्तीत, एका चारमजली इमारतीच्या गच्चीवर मला बसवले त्याला वीस वर्षे झाली. मित्रांनो, माझ्याकडे तीनच सूर आहेत. पहिला सावध करतो, दुसरा धोका आल्याचे सांगतो आणि तिसरा, लांब व सपाट, धोका टळल्याचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला माझी चाचणी होते. तेव्हा तिन्ही सूर ओळीने वाजतात.

लोकांना त्याची इतकी सवय झाली की गच्चीखालच्या घरातली रत्नागिरीची नूरबानू त्यावर चहा करते. पहिल्या सुराला पाणी, दुसऱ्याला पत्ती, तिसऱ्याला गाळणे.

यंदा उन्हाळ्यात दोन देश एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले होते आणि मध्ये आमचे आकाश होते. त्यांचे दूत तिसऱ्याच देशात बोलणी करत होते. नूरबानूचा दीर तौफीक याला तो पोरखेळ वाटे. एकदाच जोरात ठोकले की कटकट मिटेल, असे तो रोज म्हणे.

“ठोकायला सांगतोस, आणि तुझा भाऊ तेलाच्या टाक्यांमध्ये उभा आहे,” नूरबानूने त्याला सुनावले. तिचा नवरा मुनव्वर मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत फिटर आहे.

चाचणीच्या एका सोमवारी दहाला पाच मिनिटे कमी असतानाच मी वाजलो. भोंग्याचे घड्याळ पुढे गेले म्हणून तौफीक हसला. नूरबानूने पाणी ठेवले. दुसऱ्या सुराला पत्ती टाकली. तिसरा सूर आलाच नाही.

चहा उकळून काळा झाला. तिने मुनव्वरला फोन लावला, पण रिफायनरीत फोन फाटकावरच जमा करावा लागतो. खाली दुकानांची शटर पडली, बस जिथल्या तिथे थांबल्या. तौफीक खिडकीशी जाऊन आकाशाकडे पाहू लागला. मग म्हणाला, “बोलू देत ते दूत, भाबी. काहीही बोलू देत, पण उठून जायला नकोत.”

सेहेचाळीस मिनिटांनी माझा तिसरा सूर वाजला. हल्ले एका दिवसापुरते थांबवायला दूत कबूल झाले, असे दुपारी रेडिओने सांगितले. माझा आवाज तीन किलोमीटर जातो, तरी त्याने आजवर एकही क्षेपणास्त्र अडवलेले नाही. दूत बसले होते त्या खोलीतले बोलणे शेजारच्या खोलीतही ऐकू गेले नसेल. मित्रांनो, मला अजून त्याचे नवल वाटते.

संध्याकाळी मुनव्वर कंपनीच्या बसमधून उतरला. तौफीकने पुढे होऊन त्याच्या हातातला डबा घेतला. हे त्याने पूर्वी कधी केले नव्हते.

मला गंजू देऊ नका, वेळच्या वेळी तेलपाणी करा. मात्र मला खरे काम लागू नये म्हणून कुठे दोन माणसे बोलत बसली असतील, तर त्यांना घाई करू नका.