चिमूटभर तारेचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे आणि मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. एकोणीस वर्षं मी एका डोंगरी सायकलचं पुढचं चाक दोन्ही कोपरं बाहेर काढून सांभाळलं. सायकल नर्सताईंची. टेकडीवरच्या आजाऱ्यांना इंजेक्शनं देऊन त्या उतारावरून सुसाट येत आणि खालच्या वळणावर मला नुसतं बोट लावत. मी असा आवळायचो की चाकाबरोबर वाराही थबकायचा.

एके दिवशी त्यांच्या धाकट्या भावाने पहिल्या पगारातून नवा ब्रेक आणला. सरळ, लांब हातांचा, आरशासारखा लखलखीत. मित्रांनो, काय सांगू, रिमला न घासताच माझं रबर जळालं. भावाने मला काढून मामांच्या सायकल दुकानात नेलं आणि तिथल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकलं. वर म्हणाला, "म्हातारा निवृत्त झाला."

चौथ्या दिवशी नर्सताई सायकल ढकलत दुकानात आल्या. मागून भाऊ. ताईंच्या एका चपलेचा तळ पार झिजला होता.

"काय गं, चालत?" मामांनी विचारलं.

"ब्रेक दाबला तर मूठ मिटली, पण सायकल काही थांबेना. पाय घासत उतरले."

"मी नीट बसवला होता, ताई."

"ब्रेक नीटच बसवलास, शहाण्या," मामा म्हणाले, "पण मुठीतली लिव्हर जुनीच ठेवलीस. ती तार ओढते चिमूटभर, तुझ्या या लांबहात्याला लागते मूठभर. आता एकतर लिव्हर बदल, नाहीतर म्हातारा परत लाव."

डब्यात माझा जीव टांगणीला लागला. ताईंना चारच्या आत पुन्हा टेकडीवर पोचायचं होतं. मामांनी सगळं फडताळ उपसलं, पण लिव्हर काही सापडली नाही. मग ताईच म्हणाल्या, "माझा म्हाताराच बरा."

मामांनी मला अदबीने उचललं. रबर टायरला न लागता बरोबर रिमवर टेकेल असं बसवलं. पुढची कड आधी लागावी म्हणून मागच्या टोकाशी पुठ्ठ्याचा तुकडा धरून स्क्रू आवळले, नाहीतर मी किंचाळतो. त्याच दुपारी वळणावर मी असा काही लागलो की सायकल जागच्या जागी थांबली आणि टेकडीच चार बोटं पुढे सरकली. लांबहात्या डब्यात पडून रडत होता म्हणे. तेव्हापासून मी चाकावरच आहे.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्याला अडगळीत टाकू नका. त्याची तार तपासा, झिजलेलं रबर बदला, मग तो...

"आजोबा," एक छोटा वॉशर म्हणाला, "लिव्हर फडताळात पहिल्याच कप्प्यात सापडली होती. आणि तुम्ही चाकावर असाल, तर या डब्यात माझ्या अंगावर कोण पडलंय?"