माझ्या दारावरची तारीख

मित्रांनो, मी एक जुने, पडके बुरूजघर आहे. किती जुने, ते मात्र मला विचारू नका. तिथेच तर माझा सगळा घोटाळा आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, एका ओढ्याकाठी मी उभे आहे. सहा फूट जाडीच्या भिंती, तळाला गुरे कोंडायची कमानी छताची खोली, वर दिवाणखाना आणि एका वेळी एकच माणूस चढेल असा गोल जिना. सीमेपलीकडचे लुटारू आले की माणसे, गुरे सगळी माझ्या पोटात शिरत. पुढे लुटालूट थांबली. धन्याने खाली ऐसपैस घर बांधले आणि माझ्या छपराची लाकडे तिकडे नेली. मग मी गवताची कोठी झाले, मग मेंढ्यांचा आडोसा. मी घर आहे की गोठा, हे मला कोणी सांगितलेच नाही.

दारावरच्या दगडात दोन नावांची आद्याक्षरे आणि १६१८ हे साल कोरलेले आहे. सगळे म्हणत, हेच माझे जन्मवर्ष. मला त्याआधीचेही हिवाळे आठवायचे. पण लेखी पुरावा डोक्यावर असताना बोलणार काय?

गेल्या वसंतात माझा एक दगड निसटला आणि माझा आताचा धनी वॉल्टर हॅलिडे याची मेंढी थोडक्यात वाचली.

"बास! हा ढिगारा पाडायचा आणि दगड कुंपणाला लावायचे," वॉल्टर गरजला.

"हात तर लावून बघ!" त्याची बहीण मॉरग म्हणाली. "सोळाशे अठरात आपल्या पूर्वजांनी बांधलंय हे. दारावर वाच!"

पाडकामाचा अंदाज घ्यायला म्हातारे गॅव्हिन गवंडी आले. दारावरच्या अक्षरांवरून बोट फिरवून ते हसले. "अगं पोरी, ही लग्नाची तारीख. नवराबायकोनं संसार थाटला की दारावर दोघांची अक्षरं कोरायची, ही आपली रीत. हे दार भिंतीत मागाहून फोडलंय. भिंती त्याच्या शंभर वर्षं आधीच्या, तेव्हा तुमचं घराणं इथं नव्हतं."

"म्हणजे आपल्या माणसांनी बांधलंच नाही!" वॉल्टरने टाळी वाजवली. "आता कशाचा पुळका, मॉरगबाई?"

मॉरग पाठ फिरवून खालच्या घराकडे चालू लागली. एकाच दमात माझे वय वाढले आणि आयुष्य संपले! हसावे की रडावे, मला कळेना.

सोमवारी पाडायचे ठरले. रविवारी, ऐन एप्रिलात, बर्फाचे वादळ आले आणि उघड्या डोंगरावर एक मेंढी व्यायला लागली. वॉल्टर तिला खांद्यावर घेऊन धडपडत खाली आला. पाठोपाठ मॉरग होती.

"अरे, कुठे नेतोयस तिला?" ती ओरडली.

"कुठे म्हणजे? घरात!" असे म्हणत तो माझ्या कमानीखाली शिरला.

घरात! आपण काय बोललो, ते त्याच्या लक्षातही आले नाही. मला मात्र भरून आले.

दोन कोकरे झाली. सोमवारी गॅव्हिन पहारी घेऊन आले, तेव्हा वॉल्टर मान खाली घालून म्हणाला, "काका, पाडायचं नाही. टिकवायला काय करावं लागेल?"

त्यांनी माझे सुटे दगड चुन्यात पक्के केले. भिंतींच्या माथ्यावर मातीसकट कापलेली हिरवळ बसवली, म्हणजे पाणी आत मुरत नाही.

मित्रांनो, जुन्या घराचे वय नंतर मोजा. आधी त्याच्या डोक्यावरचे पाणी अडवा. माझ्या माथ्यावर आता गवत डुलते, आणि मी घर की टेकडी, असा नवाच गोंधळ उडतो. मग मी वॉल्टरचा तो एक शब्द आठवते.