अकरा किलो तीनशे ग्रॅम

"खिसे रिकामे करा."

"सिस्टर, खिशात नुसता रुमाल आहे."

"तोच काढा."

फिटरने रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि मागच्या रांगेकडे वळून म्हणाला, "घ्या, एक रुमाल जप्त!" रांग हसली. सिस्टर हसली नाही. तिने काट्यावरचा आकडा दोनदा वाचला, वहीत लिहिला आणि पुढच्या माणसाला खूण केली.

बिस्किटांच्या कारखान्यातली ही प्रथमोपचाराची खोली. एक पलंग, एक कपाट, हात धुवायचं बेसिन आणि दहा आठवड्यांपासून मधोमध ठेवलेला वजनकाटा. एरवी सिस्टरचं काम म्हणजे भाजलेली बोटं आणि डोळ्यात गेलेलं पीठ. पण वर्षाच्या तपासणीत निम्म्याहून अधिक कामगार जाड निघाले, विमा कंपनीचं पत्र आलं आणि मॅनेजरसाहेबांनी 'हलकं पाऊल' नावाची मोहीम काढली. दर सोमवारी वजन. सर्वांत जास्त घट असलेल्यांची नावं फळ्यावर. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरात एक ओळ: पॅकिंगच्या पट्ट्यावर बसणाऱ्यांचं वजन तीन महिन्यांत पंचाहत्तर किलोंच्या आत हवं, नाहीतर गोदामात बदली.

मोठी अक्षरं कोणी वाचली नाहीत. बारीक ओळ मात्र सगळ्यांना पाठ झाली होती. गोदाम म्हणजे काय ते कामगारांना ठाऊक होतं. मागच्या खेपेला ज्यांना गोदामात पाठवलं, त्यांचं काम वर्षभरात कंत्राटदाराकडे गेलं होतं.

"वजनाचं नाव आणि माणसं कमी करायचा डाव," असं कॅन्टीनमध्ये उघड बोललं जाई. तिथेच तळलेल्या पदार्थांचा वास सुटलेला असे. जेवायला वीस मिनिटं. भिंतीवर 'जिना वापरा' असं लिहिलेलं आणि जिन्याला पीठ उडतं म्हणून कुलूप. शिवाय दर शनिवारी प्रत्येकाला तुटक्या बिस्किटांची किलोभर पुडी फुकट. "आधी चारायचं, मग तोलायचं," फिटर म्हणायचा, "बकरा आणि आपण, फरक एवढाच की बकऱ्याला फळ्यावर नाव नसतं."

पहिल्या सोमवारी याच फिटरने सिस्टरला शेंडी लावायचा प्रयत्न केला होता. सुरुवातीचं वजन जास्त दिसलं की पुढची घट मोठी दिसते, एवढा साधा हिशेब. त्याने पायमोज्यांत किलोभर नटबोल्ट भरले होते. काट्यावरून उतरताना त्यातला एक खणकन फरशीवर पडला. त्या दिवशी आणखी चौघेजण सापडले. कोणी शिसं लपवलं होतं, कोणी दोन लिटर पाणी पिऊन आलं होतं. वीस वर्षांच्या नोकरीत सिस्टर अशी कधी चिडली नव्हती. तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून बसे. मॅनेजरसाहेबही म्हणाले होते, "सिस्टर, आकडा खरा हवा. बाकी माझं मी बघतो."

रांगेत शेवटी आत्या होती. सगळा कारखाना तिला आत्याच म्हणे. सव्वीस वर्षं ती चौथ्या पट्ट्यावर बसत होती. तुटकं बिस्किट न बघता, नुसत्या बोटांनी बाजूला काढायची. तिला गोदामात जायचं नव्हतं. तिच्या हातांना दुसरं काही येत नाही, असं ती स्वतःच सांगे.

"सत्त्याहत्तर किलो शंभर ग्रॅम," सिस्टर म्हणाली.

"म्हणजे अजून दोन," आत्या हिशेब करत म्हणाली. "होतील की हो महिनाअखेर?"

"तुम्हीच सांगा. कसं करता?"

"काय करणार? चालते. गोड सोडलं."

रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. "आत्या, तू आता लग्नाला उभी राहा गं परत!" एकजण ओरडली. आत्याने हसून हात झटकला आणि काट्यावरून उतरून क्षणभर स्टुलावर बसली.

सिस्टरने वहीत बघितलं. पहिल्या दिवशी अठ्ठ्याऐंशी किलो चारशे. दहा आठवड्यांत अकरा किलो तीनशे ग्रॅम गेले होते. बाकी सगळ्यांचे आकडे वरखाली होत होते. कोणी एक किलो उतरे आणि शनिवारच्या पुडीनंतर दीड किलो चढे. जिवंत शरीर असंच वागतं. आत्याची रेघ मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ खाली येत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ते कुठे, हे शोधायचं सिस्टरने ठरवलं. ती पद्धतशीर बाई होती.

आधी तिने जुनी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत आत्याचं वजन होतं अठ्ठ्याऐंशी. म्हणजे पहिल्या दिवशी काही लपवलेलं नव्हतं. मग काटा. कोठारातून साखरेची पंचवीस किलोंची सीलबंद पोती मागवून तिने तीन तीन पोती ठेवून पाहिली. काटा चोख होता. भिंतीला टेकून किंवा मैत्रिणीने मागून उचलून धरून वजन कमी दाखवता येतं, पण काटा खोलीच्या मधोमध होता आणि काट्याजवळ एकावेळी एकालाच येऊ दिलं जाई. राहिल्या गोळ्या. बारीक होण्याच्या गोळ्या कारखान्यात हातोहात फिरत होत्या, हे तिच्या कानावर आलं होतं.

गुरुवारी, पट्टे चालू असताना, तिने पहारेकरीणबाईंना बरोबर घेऊन कपडे बदलायच्या खोलीतलं आत्याचं कपाट उघडलं.

"आत्याचं कपाट उघडायची वेळ यावी?" पहारेकरीण पुटपुटली. "माझी चावी हरवली की मी तिच्याकडे पर्स ठेवते."

"माझं काम आहे," सिस्टर म्हणाली.

गोळ्या नव्हत्या. जेवणाचे दोन डबे होते, दोन्ही जवळजवळ भरलेले. एक आजचा, एक कालचा. तुटक्या बिस्किटांच्या सात पुड्या होत्या, एकीचीही गाठ सोडलेली नव्हती. मागे पित्ताच्या पातळ औषधाची बाटली होती, तळाला आलेली. बाटली सिस्टरने उचलली, वास घेतला, पुन्हा जागेवर ठेवली. पित्ताचं औषध काय, अर्धा कारखाना घेत होता.

तिने मॅनेजरसाहेबांना दोन ओळींचा अहवाल दिला. 'उपाशी राहून वजन घटवल्याचे दिसते. नियम सहा.' नियम सहाप्रमाणे उपास, औषधं किंवा लबाडी यांनी झालेली घट धरली जात नसे. शुक्रवारी फळ्यावरून आत्याचं नाव पुसलं गेलं, आणि तिचं वजन पुन्हा अठ्ठ्याऐंशी किलो चारशे धरलं गेलं.

शनिवारी भाजलेलं बोट घेऊन आलेल्या पोरीने मलम लावून घेतलं आणि "थँक्यू" न म्हणता गेली.

सोमवारी आत्या रांगेत आली. फळ्यावरून नाव पुसल्यावर यायची गरज नव्हती. तिचा नंबर आला तेव्हा ती काट्यावर चढली नाही. टेबलासमोर उभी राहिली.

"सिस्टर, तुम्ही माझं कपाट उघडलंत."

"हो."

"मला विचारायचं होतंत. मी दिलं असतं उघडून."

"डबे भरलेले होते, आत्या. दोन दोन दिवस उपाशी राहून पट्ट्यावर बसता, चक्कर येऊन यंत्रात हात गेला तर कोण जबाबदार?"

"उपाशी कुठे राहते?" आत्याचा आवाज चढला. "सव्वीस वर्षांत एक खोटा तास लावला नाही मी. लबाड म्हणून माझं नाव पुसलंत! बसते की मी डबा उघडून. दोन घास खाते. पुढे जातच नाही."

सिस्टरचं पेन वहीवर टेकलेलं होतं. ते तसंच राहिलं.

कारखान्यात येण्याआधी आठ वर्षं तिने मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली होती. 'पुढे जात नाही.' हे वाक्य तिने तिथे किती जणांच्या तोंडून, नेमकं याच शब्दांत ऐकलं होतं. तिथे ते ऐकल्यावर पुढे काय विचारायचं हे तिला झोपेतही आठवलं असतं.

ती उठली. दार लावलं. बाहेर फिटर ओरडला, "सिस्टर, आमचं वजन वाढतंय इकडे उभ्या उभ्या!" तिने कडी घातली.

"बसा, आत्या. वर बघा."

तिने आत्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. आत लाल असायला हवं होतं. कागदासारखं पांढरं होतं.

"कधीपासून जात नाही?"

"झाले की तीनचार महिने."

"म्हणजे मोहिमेच्या आधीपासून?"

"थोडं आधीपासून."

"दुखतं?"

"इथे. मधोमध. औषध घेतलं की थांबतं. आता नाही थांबत तेवढं."

"उलटी?"

"कधीकधी."

"शौचाला काळं होतं?"

आत्याने मान खाली घातली. "होतं." म्हणजे पोटात कुठेतरी रक्त जात होतं.

"कोणाला दाखवलंत का?"

"कोणाला दाखवू?" आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्यातला राग गेला. "सगळे टाळ्या वाजवत होते. सून म्हणाली, सासूबाई, तुमचा हेवा वाटतो. तुम्हीसुद्धा चौथ्या आठवड्यात वहीत 'छान' लिहिलंत, मी उलटं वाचलं. मला वाटलं देव पावला. आयुष्यभर कमी खा कमी खा ऐकलं, आता आपोआप होतंय तर होऊ दे. पंचाहत्तर झाले की मग डॉक्टरकडे जाईन म्हटलं. आधी गेले आणि त्यांनी टॉनिक देऊन वजन वाढवलं तर?"

सिस्टरने हात धुतले; ते धुवायची तशी गरज नव्हती. मग कपाटातून हॉस्पिटलला पाठवायचा फॉर्म काढला.

कडी वाजली. मॅनेजरसाहेब होते, रांग खोळंबल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. सिस्टरने त्यांना दारातच, हळू आवाजात सगळं सांगितलं. ते आत आले, आत्याकडे बघून उगाच हसले आणि टेबलावरच्या फॉर्मवर वाकले.

"पाठवा, पाठवा. आजच पाठवा. गाडी देतो मी," ते म्हणाले. मग आवाज आणखी खाली आणून, "हे तिसऱ्या रकान्यात... वजन घटल्याचं पहिल्यांदा कधी लक्षात आलं. इथे आजची तारीख टाका."

"का?"

"अहो, उद्या कोणी विचारेल. दर सोमवारी मोजत होतात, लिहीत होतात, मग इतके दिवस काय केलंत? तुमच्यासाठीच सांगतो मी. पहिलं बोट तुमच्याकडेच जाईल."

ते खोटं बोलत नव्हते. सिस्टरने वही उघडली. तिथे सगळं तिच्याच अक्षरात होतं. दुसऱ्या आठवड्यात एक किलो. तिसऱ्यात एक किलो दोनशे. चौथ्यात 'छान'. सातव्यात प्रश्नचिन्ह. नवव्यात दोन प्रश्नचिन्हं. एकाही सोमवारी 'भूक लागते का?' नव्हतं. आकडा खरा आहे की खोटा, एवढंच तिने शोधलं होतं. आकडा खरा होता.

तिने तिसऱ्या रकान्यात दुसऱ्या सोमवारची तारीख लिहिली. त्यापुढे लिहिलं: अकरा किलो तीनशे ग्रॅम, दहा आठवड्यांत, प्रयत्नाविना. नोंद करणाऱ्याच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सही केली.

मॅनेजरसाहेब फॉर्मवरून सरळ झाले. "तुमची मर्जी," म्हणाले, आणि गाडी सांगायला गेले.

"काय लिहिलंत हो एवढं?" आत्याने विचारलं.

"तुम्ही लबाडी केली नाहीत असं लिहिलंय."

"फॉर्मात असं लिहितात?"

"यात लिहिलंय."

आत्याला ते पटलं की नाही कळलं नाही. ती डगल्याची बटणं लावू लागली. लावून झाल्यावर तिने विचारलं, "पट्ट्यावर सांगून येऊ का? पोरी शोधतील."

"मी सांगते. चला, गाडी आली असेल."

बाहेरची रांग दोन्ही बाजूंना सरकली. फिटरने दार धरून ठेवलं. सिस्टरने आत्याला आधार द्यायला तिचं कोपर धरलं. हातात नुसती बाही आली. कोपर तिच्या बरंच आत होतं. सिस्टरने ते चाचपून शोधलं, नीट धरलं, आणि दोघी आत्याच्या चालीने फाटकाकडे निघाल्या.