पुना महाराजांचा गरुड

भर दुपारी धुळ्याबाहेरच्या माळावर पाचशे माणसं माना वर करून उभी होती. वर सोनेरी गरुड घिरट्या घालत होता.

"माय वं! पंख हालावत नही, तरी उडस!" दिपमालाच्या शेजारी उभ्या प्रमिलाबाईंनी गालावर चापट्या मारून घेतल्या.

मंडपात, वाघ छापलेल्या ब्लँकेटवर, पुना महाराज. दोन वर्षांपूर्वी मोबाइलची कव्हरं विकायचे. आता थेट वैकुंठाशी कनेक्शन. "साक्षात विष्णूचं वाहन! अमेरिकेचे शास्त्रज्ञ चक्रावले! सावली अंगावरून गेली की आजार खलास. गोळ्या फेका!"

दिपमालाने सहा वर्षांच्या सुपीचा हात घट्ट धरला. सुपी तिच्या जावेची, पलीकडे हात जोडून उभ्या असलेल्या लताबाईची लेक. पोरीला फिट यायची, पण रोजच्या गोळीमुळे वर्षभर एकही आली नव्हती. पंधरवड्यापूर्वी गरुडाची सावली पडली आणि लताबाईने गोळी बंद केली. परवा पोर ताठ झाली, ओठ निळे पडले. महाराज म्हणाले, "सावली तिरपी पडली. पुन्हा आणा."

दिपमालाने समजावून पाहिलं होतं. "शिकेल शे तू, तुले देव कसा दिसी?" लताबाईने तोंड फिरवलं होतं.

दिपमाला कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळायची, आणि रविवारी हौशी क्लबच्या मैदानावर रिमोटचं ग्लायडर, म्हणजे तरंगणारं छोटं विमान, उडवायची. म्हणून इतरांना न दिसलेलं तिला दिसलं. गरुड वर चढायचा, नेमका तेव्हाच ढोल कडाडायचा. आणि कोपऱ्यात पट्टशिष्य निंबा शालीखाली जप करत होता. दोन्ही अंगठ्यांनी!

गरुड खाली झुकला. डाव्या पंखावर चिकटपट्टीचा जोड चमकला. ती पट्टी तिनेच लावली होती. फेब्रुवारीत वर चढणाऱ्या गरम हवेने तिचं ग्लायडर टेकडीपलीकडे नेलं होतं, ते हेच.

ओरडलं तर लोक तिलाच तुडवतील. पण त्याची बॅटरी किती वेळ टिकते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

ती हात जोडून पुढे झाली. "महाराज, लेकरावरून सरळ सावली जाऊ द्या. एकच फेरी!"

फेरी झाली. दिपमालाने बाजूच्या म्हातारीकडे बोट दाखवलं. "आता या आजींवरून!"

"मना गुडघावर बी!" "मनी म्हैसवर बी, बापा!" गर्दी उसळली. निंबा डोळ्यांनी खुणावत होता, पण फुगलेले महाराज कशाला बघतात? "भक्तांसाठी गरुड अहोरात्र उडेल!"

अहोरात्र म्हणजे आणखी सहा मिनिटं. ढोल कडाडला, गरुड चढला नाही. ढोल आणखी बडवला. गरुड डगमगला आणि धसकटात धप्पकन बसला.

"हात लावू नका! भस्म व्हाल!" महाराज ओरडले.

दिपमालाने तो उचलला. "झाले का भस्म?" नाकाचं झाकण काढलं, बॅटरी उपसली. "अक्का, खाली काय लिहिलंय? मोठ्याने वाच."

लताबाईने अडखळत वाचलं, "दिपमाला... पुढे नंबर शे."

"प्रमिलाबाई, लावा फोन."

दिपमालाच्या पर्समध्ये फोन वाजला.

"वैकुंठाचा नंबर लागना!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा फुटला.

"हरवलं तर परत मिळावं म्हणून आम्ही आत नाव लिहितो," दिपमाला म्हणाली. "यांनी वरून सोनेरी रंग फासला, पण बॅटरीखाली पाहिलं नाही. हे थर्माकोलचं ग्लायडर आहे. मोटरने वर चढतं, तिचा आवाज लपवायला ढोल. मोटर थांबली की पंख्याची पाती मिटतात, आणि हे घारीसारखं तरंगतं. रिमोट शालीखाली."

प्रमिलाबाईंनी शाल ओढली. जपाला दोन काड्या आणि एक अँटेना होती. महाराज ब्लँकेट विसरून जीपकडे धावले.

लताबाईने पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांची पट्टी होती. "फेकी नही मी. भ्या वाटनं."

"ती भीतीच शहाणी होती, अक्का. चल, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ."

रिक्षात सुपीने ग्लायडर मांडीवर घेतलं. "काकू, आता मी उडवू?"

"आधी गोळी. मग शिकवते."

सावली फक्त ऊन अडवते, फिट नाही. तेव्हा बायांनो, कुणी लेकराचं औषध फेकायला सांगितलं, तर हात जोडण्याआधी त्याच्या देवाचं झाकण उघडून बघा.