एक शब्द इकडचा तिकडे नाही

अन्नदात्याचा आवाज देशापर्यंत पोचवणं हे पत्रकारितेचं पहिलं कर्तव्य आहे. इंदूरचा अभिराम बिडवई मुंबईच्या एका मराठी चॅनेलसाठी हे कर्तव्य नेमाने पार पाडत असे. फक्त अन्नदाता रडत नसला तर चॅनेल तो आवाज घेत नसे.

या खेपेला गौतमपुऱ्याजवळच्या गोवर्धनजी आंजनांना काही रडणं जमेना. सोयाबीनच्या भावाच्या नव्या योजनेत काय बरं, काय कच्चं, हे ते खाटेवर बसून शांतपणे सांगत होते. गावात खरेदी केंद्र यावं म्हणून ते कधीपासून अधिकाऱ्यांच्या मागे होते. केंद्र आता आल्यातच जमा होतं.

"भिया, म्हारी बात जैसी की वैसी जाएगी ना?"

"एक शब्द इधर का उधर नहीं होगा, गोवर्धनजी."

तेव्हा ते कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "सरकार ने चेष्टा तो घणी करी. अब अपन भी करांगा."

म्हणजे, सरकारने प्रयत्न पुष्कळ केला, आता आपणही करू. बिडवयांच्या घरात पिढ्यानपिढ्या प्रयत्नाला चेष्टाच म्हणत. होळकरांच्या चाकरीत आलेलं मराठी इथल्या पाण्यात असं मुरलं होतं. अभिरामने गाडीतच मजकूर टाइप करून धाडला: 'सरकारने चेष्टा तर खूप केली. आता आम्हीही करू.' शब्द जागच्या जागी.

संध्याकाळी पडद्यावर झळकलं: 'सरकारने चेष्टा केली, आता आम्हीही करू! माळव्याच्या शेतकऱ्याचा इशारा.' मागे ढोल. चर्चेला बसलेल्या एका तज्ज्ञाला गोवर्धनजींच्या डोळ्यांत अंगार दिसला. अभिरामनेच त्यांना उन्हाकडे तोंड करून बसवलं होतं.

बायको देवयानी साताऱ्याची. ती फोडणी सोडून बाहेर आली. "अहो, सरकारने थट्टा केली म्हणताहेत ते?"

"थट्टा कोण बोललं? चेष्टा! कोशिश!"

"मराठीत चेष्टा म्हणजे थट्टाच. लग्न झाल्या झाल्या मी म्हटलं होतं, माझी चेष्टा करू नका. तुम्ही म्हणालात, का नको, चेष्टा तर करत राहायलाच हवी!"

अभिरामने तडक मुंबईला यामिनीला फोन लावला; बातम्या तीच लावायची.

"सर, दुरुस्ती कसली? शब्द तुमचाच आहे," ती म्हणाली. "आणि काका काय भारी बोललेत!"

"अगं, त्यांना 'प्रयत्न केला' म्हणायचं होतं."

"प्रयत्न केला, ही काय बातमी आहे, सर?"

कुणीतरी ती मराठी पट्टी 'मजाक' असं हिंदी करून पुढे धाडली. ती फिरत फिरत जिल्ह्याच्या कचेरीत पोचली आणि खरेदी केंद्र शेजारच्या गावाला गेलं.

अभिराम माफी मागायला गेला, तेव्हा गोवर्धनजींनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "शब्द तो तुमने सच में इधर का उधर नहीं किया, भिया." आवाजात चेष्टा नव्हती, सातारची नाही, इंदूरचीही नाही. त्यामुळे अभिरामला जास्तच लागलं.

चहा निवत चालला, तेव्हा त्याने खाली मान घालून विचारलं, "अब आप अपनी सोयाबीन कहाँ ले जाओगे?"

"म्हारी?" गोवर्धनजी म्हणाले. "केंद्र तो गाँव वास्ते माँग्यो थो. म्हने तो इस साल मक्का बोई है."