या घडीचं

लवू परब लालबागच्या चाळीत एकटेच राहायचे. दर रविवारी संध्याकाळी कॅनडातून मुलाचा, वैभवचा, व्हिडिओ कॉल यायचा. सहा वर्षांची नात मनवा इंग्रजीच बोलायची. लवू तिला विचारायचे, "व्हॉट यू डू?" ती पाठ केल्यासारखं सांगायची, "आय गो टू स्कूल." पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचायचं नाही.

शेजारची मेघना इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. एकदा कॉल चालू असताना ती उसळीची वाटी घेऊन आली. फोन संपल्यावर म्हणाली, "काका, 'आय गो' म्हणजे नेहमीचं. या घडीला काय चाललंय ते हवं असेल, तर 'व्हॉट आर यू डूइंग' विचारा."

"माका ह्या घडीचाच होया गो," लवू म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी तसंच विचारलं.

"आय ॲम ड्रॉइंग अ फिश!" मनवाने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मग, "आय ॲम लुकिंग फॉर ब्लू." निळा खडू सापडेपर्यंत लवू श्वास रोखून बसले. रंगवता रंगवता तिने विचारलं, "आजोबा, आर यू कमिंग फॉर माय बर्थडे?"

मेघनाने बजावलं होतं, जायचं पक्कं ठरलं असेल तरच 'आय ॲम कमिंग' म्हणायचं. आणि बायपासनंतर डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला मनाई केली होती.

"आय ॲम वाँटिंग," लवू म्हणाले.

मनवा खुदकन हसली. "नो, आजोबा! आय वाँट!"

"आय वाँट," लवू हळूच म्हणाले.

तेवढ्यात वैभव समोर आला. "बाबा, तुम्ही कशाला दगदग करता? आम्हीच येतो डिसेंबरात."

"तिकीट काढलंस?"

"काढतो ना."

गेल्या वर्षीही तो 'येतो'च म्हणाला होता.

तिकडे दारावरची बेल वाजली. वैभव फोन टेबलावर उताणा ठेवून दार उघडायला गेला. पडद्यावर फक्त पांढरं छत दिसत होतं. खडू कागदावर घासल्याचा आवाज येत होता आणि मनवा स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

लवूंनी उठून पंखा बंद केला, खिडकीही लोटून घेतली आणि ते फोन कानापाशी धरून बसून राहिले.