आणखी आठ पाट्या

गोव्यातल्या शिरगावजवळच्या खाणीवर सत्यवती नऊ बायकांची मुकादम होती. उपसलेल्या मातीच्या ढिगाखाली, म्हणजे डंपाखाली बसून खनिजातले दगड वेचायचे आणि पाट्यांनी टिप्पर ट्रक भरायचे, हे त्यांचं काम. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात एका दुपारी बेळगावकडची रंजना तिला म्हणाली, "बाय, वर भेग पडलीय. हितनं उठूया."

"टिप्पर भरूंदे गो. आणखी आठ पाट्या," सत्यवती म्हणाली.

पाचव्या पाटीला डंप कोसळला. बाकीच्या बायका पळाल्या, पण रंजनाची धाकटी बहीण पार्वती खाली राहिली. यंत्राने माती उपसली तेव्हा आधी तिचा हात वर आला.

संध्याकाळी खाणीच्या साहेबांनी सत्यवतीपुढे कागद ठेवला. पार्वती कुणाला न विचारता सावलीत जाऊन बसली होती, असं त्यावर लिहिलं होतं.

"अंगठा कर."

"ती माझ्या सांगण्यावरून बसली होती. भेगेचं माका सांगितलेलं, तरी मी उठवलं नाय. तसं लिवा."

साहेब हसले. "लिहितो. आणि उद्या त्याच जागी तूच बायकांना घेऊन बसायचं."

पार्वतीसाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. तीन दिवसांनी गोवा राज्य झालं तेव्हा मात्र पूर्ण दिवस काम बंद होतं आणि पेढे वाटले गेले. रंजनाच्या हातातही कुणीतरी पेढा ठेवला. तिने तो कुत्र्याला घातला.

त्याच दिवशी सत्यवती रंजनाच्या खोपटावर गेली. रंजनाने तिला बस म्हटलं नाही.

"मी मुकादमकी सोडतंय," सत्यवती म्हणाली. "तुमच्यापुढे उभी रवूचा तोंड नाय माका."

"सोडून जाशील आणि सुटशील," रंजना म्हणाली. "तसं न्हाई जमायचं. रोज सकाळी आधी तू वर चढायचं, काठावर पाय आपटून बघायचं. पडलीस तर पड. मग आम्ही खाली बसू."

सत्यवतीने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे डंपावर चढू लागली. खाली नऊच्या आठ झालेल्या बायका तिच्याकडे बघत उभ्या राहायच्या. कुणी 'जप' म्हणत नसे. जेवायला ती एकटी बसायची.

आठव्या दिवशी ती वरून उतरली आणि म्हणाली, "भेग वाढली हा. आज कोण बसूचा नाय."

टिप्पर रिकामे खोळंबले. साहेब आले, आईवरून बोलले. सत्यवती वाटेत उभी राहिली. मागे बायकाही हलल्या नाहीत, पण तिच्या बाजूलाही कुणी आलं नाही. साहेबांनी तिला तिथेच कामावरून काढलं आणि रंजनाला मुकादम केलं. डंप त्या दिवशी पडला नाही. ती खोटं बोलली म्हणून दोघी-तिघींनी तिला शिव्याही दिल्या, कारण त्यांचा रोज बुडाला होता.

दोडामार्गच्या बसची वाट बघत सत्यवती बोचकं घेऊन रस्त्याकडेला बसली. रंजना आली.

"चालती भेग कशी वळखायची?"

सत्यवतीने जमिनीवर बोटाने रेघ ओढली, तीवर आडवी काडी ठेवली. "राती अशी घालायची. सकाळी काडी आत पडली, तर भेग रुंदावली. मग कोणाचा आयकायचा नाय."

"आणि पाऊस आला तर?"

"मग काडी बघूकच जायचा नाय. बसायचाच नाय."

रंजनाने दोनदा विचारून घेतलं. मग 'येते' न म्हणता खाणीकडे चालू लागली.